खडूचा कारखाना आणि पाण्याचा हिशेब

खडू बनवायचं ठरवलं तेव्हा आधी एक निवड करायची होती. धूळ न उडणारा, म्हणजे डस्टलेस खडू कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्याचा चिकट लगदा यंत्रातून दाबून काढावा लागतो. साधा ओतीव खडू जिप्सम या खनिजाचा. त्याला साचे, बादल्या, ताट्या आणि हात एवढं पुरतं. यंत्राइतकं भांडवल नव्हतं, त्यामुळे विचार फार लांबला नाही.

साचे बघायला गेलो तेव्हा तिथे या धंद्यात केस पिकलेले एक कारागीर भेटले. किती साचे घेऊ, असं विचारलं तर म्हणाले, "साच्यांचं नंतर बघा. ओले खडू मांडायला जागा किती आहे, ते आधी सांगा." तेव्हा ते उगाच आडवळणाने बोलताहेत असं वाटलं. घरी येऊन कागदावर आकडे मांडले आणि त्यांचं म्हणणं उमगलं.

जिप्सम साधारण 150 अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश स्फटिकजल, म्हणजे स्फटिकांत बांधलेलं पाणी, उडून जातं आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी उरते. पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम होऊन आवळते, म्हणजे घट्ट होते. यासाठी एक किलो भुकटीला जेमतेम 186 ग्रॅम पाणी लागतं. पण तेवढ्यात ओतता येईल असं मिश्रण होतच नाही. मी पाऊण लिटरच्या आसपास घालतो. म्हणजे किलोमागे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी खडूतून बाहेर काढायचं, आणि तेही हळूहळू. खडू साच्यातून पंधरा-वीस मिनिटांत सुटतो; वाळायला मात्र हवा चांगली असली तरी काही दिवस जातात. मग साचे वाढवून करणार काय? खोलीचा मोठा भाग मी रॅकना दिला, साचे मोजकेच घेतले.

हे जादा पाणी फुकट जात नाही, ही यातली गंमत. ते उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात आणि त्यांच्यामुळेच खडू फळ्यावर झिजतो, उमटतो. पाणी कमी केलं तर खडू दगडासारखा होतो आणि फळ्यावर ओरखडे काढतो. वाढवलं तर बोटांत चुरा. माझं प्रमाण भुकटीच्या प्रत्येक नव्या मालाबरोबर थोडं सरकतं, म्हणून पोतं फोडलं की आधी छोटा घाणा करून बघतो.

कालवण्याची रीत ठरलेली आहे. पाण्यात भुकटी भुरभुरायची, भुकटीवर पाणी ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्यायची आणि मग संथ ढवळायची, म्हणजे बुडबुडे धरत नाहीत. पांढऱ्या खडूला पाण्यातच चिमूटभर नीळ घातली की पिवळट झाक जाते. रंगीत खडूत रंग भरमसाट घालू नये. खडू कमकुवत होतो आणि फळ्यावर डाग राहतो. साच्याला रॉकेलमध्ये थोडं तेल मिसळून पुसट हात फिरवायचा. जास्त झालं तर तेलकट खडू फळ्यावरून नुसता घसरतो.

बादलीच्या कडेला आधीच्या घाण्याचे कण राहिले तर पुढचा घाणा ओतायच्या आत आवळतो, कारण ते कण नव्या स्फटिकांना बीजासारखे असतात. तुटके खडू दळून परत मिसळण्याचा मोह याच कारणाने आवरावा लागतो. बादल्या लवचीक प्लॅस्टिकच्या घ्याव्यात: उरलेलं घट्ट झालं की बादली दाबायची, खपल्या आपसूक सुटतात. धुवून मोरीत ओतलं तर नळीतच प्लास्टर बसतं. भुकटीची पोती जमिनीपासून उंच, तोंड बांधून ठेवायची. आणि मास्क हवाच. कोरडी भुकटी ओतताना सगळी खोली पांढरी होते.

वाळवताना घाई म्हणून भट्टी तापवणं हा उलटा कारभार आहे. उष्णता फार झाली तर जिप्सम आपलं पाणी पुन्हा सोडू लागतं आणि खडू ठिसूळ होतो. मी दमट दिवसांत पंखा लावतो, फार तर 50 अंशांच्या आतली गरम हवा देतो. खडू वाळला की नाही हे वरून बघून कळत नाही. कातडी कोरडी, पोट ओलं. गालाला लावल्यावर गार लागला तर ओला, ही जुनी खूण बरी आहे, पण मला तराजू जास्त भरवशाचा वाटतो. प्रत्येक ताटीतले थोडे खडू रोज तोलायचे. वजन उतरायचं थांबलं की ताटी उचलायची. त्याआधी खोक्यात भरलेला माल आतल्या ओलीने खोकंही मऊ करतो.

विक्रीसाठी मी किमतीचा कागद घेऊन गेलो नाही. शिक्षकांच्या हातात खडू दिला, त्यांच्याच फळ्यावर लिहायला आणि पुसायला सांगितलं. ते पुसतानाच जास्त बारकाईने बघतात. व्हाइटबोर्ड आले तरी खडू संपलेला नाही; पत्रा आणि लाकूड कापणाऱ्यांनाही खुणा करायला तो लागतो, आणि त्यांना थोडा कडक चालतो. त्यांच्यासाठी पाणी कमी घातलेला घाणा वेगळा काढतो. मोठी मागणी आली की तारीख सांगण्याआधी रॅक किती रिकामे आहेत ते बघतो. तेवढ्यात होत नसेल तर निम्मा माल आता, निम्मा नंतर, असं स्पष्ट सांगतो. काही जण दुसरीकडे जातात. ओला माल दिला असता तर तेही गेलेच असते, शिवाय खोकी परत आली असती.