उजवा कपॅसिटर जुनाच होता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. डॅक म्हणजे गाण्याचे डिजिटल आकडे परत आवाजाच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा. त्याबद्दलचा प्रश्न साधारण असा असतो: "त्या एवढ्याशा डॅकमध्ये तुम्ही सारखी खाटखूट करता, त्यानं आवाज खरंच सुधारतो, की आपलं उगाच?" विचारणाऱ्याकडे बहुधा तसाच एक स्वस्तातला डबा नुकताच आलेला असतो आणि त्याला माझ्या तोंडून 'हो' ऐकायचं असतं.

सुधारतो. पण ज्या बदलांचं मी चारचौघांत कौतुक केलं, त्यांनी नाही.

डॅकचं काम सांगायला सोपं आहे. सीडीवर दर सेकंदाला, दर चॅनेलमागे ४४,१०० आकडे असतात. प्रत्येक आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी. त्या पायरीइतका करंट किंवा व्होल्टेज काढून द्यायचा. माझ्या डब्यात हे काम फिलिप्सची टीडीए१५४३ ही आठ पायांची चिप करते. तिच्या डेटाशीटच्या शीर्षकातच 'काटकसरीची आवृत्ती' अशा अर्थाचे शब्द छापलेत. ऑडिओच्या धंद्यात इतका प्रामाणिकपणा क्वचितच दिसतो. चिपमधून करंट निघतो, एका रेझिस्टरवर त्याचा व्होल्टेज होतो, मग एनई५५३२ हा ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नलला जोर देणारी चिप, मग आउटपुटचा कपॅसिटर, जो स्थिर व्होल्टेज अडवून फक्त बदलता सिग्नल पुढे सोडतो, आणि पुढे तुमचा ॲम्प्लिफायर. संपलं. असे डबे उघडायचा मोह होतो तो म्हणूनच. सगळं डोळ्यांसमोर असतं, प्रत्येक भागावरचा नंबर वाचता येतो आणि प्रत्येकाचा 'याहून सरस' भाऊबंद कुठेतरी विकायला असतोच.

पहिला हात मी त्या रेझिस्टरला घातला. १ किलोओहम काढून १.५ किलोओहम बसवला. ऐकलं आणि अवाक झालो. गाणारा चार पावलं पुढे आलेला, तबल्याचा डग्गा घुमायला लागलेला. आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटलो. मग एकदा कागदावर गणित मांडलं. करंट तोच, रेझिस्टर दीडपट, म्हणजे व्होल्टेज दीडपट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त. मी फक्त आवाज मोठा केला होता! व्हॉल्यूमची कळ जराशी फिरवली असती तरी तेच झालं असतं.

कानाची ही खोडच आहे. आवाज किंचित वाढला की तो 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. तेव्हापासून तुलना करायची तर आधी दोन्हीकडचा व्होल्टेज मोजतो आणि एक टक्क्याच्या आत जुळवतो. त्यासाठी १०० हर्ट्झचा सूर वाजवतो, कारण १ किलोहर्ट्झवर बरेच साधे मल्टिमीटर चुकीचा आकडा दाखवतात. कंटाळवाणं काम आहे. पण हे केल्यावर माझ्या निम्म्या 'सुधारणा' तिथल्या तिथे विरून गेल्या.

आता कपॅसिटरची गोष्ट, जी मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही. आउटपुटला इलेक्ट्रोलिटिक या साध्या प्रकारचे दोन कपॅसिटर होते, १० मायक्रोफॅरडचे. त्या जागी प्लॅस्टिकच्या फिल्मचे कपॅसिटर लावावेत असं सगळेच सांगतात, म्हणून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे फिल्म आणले. एकेक अंगठ्याएवढा जाड. डब्याचं झाकण बसेना, तर तेही काढून ठेवलं. संध्याकाळी हेडफोन लावून ऐकत बसलो आणि वहीत लिहिलं, "दोन्ही बाजूंना मोकळं वाटतंय. तारांवरची धूळ झटकल्यासारखं." ती वही अजून आहे.

दुसऱ्या दिवशी वायरी नीट करायला डबा पुढ्यात ओढला, तर उजव्या चॅनेलला जुनाच इलेक्ट्रोलिटिक शांतपणे उभा. आदल्या दिवशी डावी बाजू झाल्यावर फोन आला होता. बोलणं संपवून मी सोल्डरिंग आयर्न बंद केलं आणि काम झालं असं समजून हेडफोन चढवले होते. 'दोन्ही बाजूंना' मोकळं वाटलं होतं म्हणे.

लाज वाटली, पण थोड्या वेळानं लक्षात आलं की याहून चांगली परीक्षा मांडूनही जमली नसती. एकाच डब्यात, एकाच चिपच्या मागे, एकीकडे नवा कपॅसिटर आणि दुसरीकडे जुना. दोन्ही चॅनेलना एकच मोनो रेकॉर्डिंग दिलं, व्होल्टेज जुळवला, पाठ फिरवून बसलो आणि भाच्याला मागे पिनांची अदलाबदल करायला लावली. कुठल्या वेळी कुठली पिन लावली ते तो कागदावर टिपून ठेवत होता. १६ वेळा ऐकलं, ९ वेळा बरोबर ओळखलं. १२ किंवा त्याहून जास्त आले असते तर काहीतरी ऐकू येतंय म्हणता आलं असतं, कारण तेवढे नुसत्या नशिबानं येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. नऊ म्हणजे काहीच नाही. "मामा, नाणं उडवलं असतंस तरी चाललं असतं," भाचा म्हणाला.

आणि का ऐकू यावं? १० मायक्रोफॅरड आणि समोर १० किलोओहमचा ॲम्प्लिफायर असेल, तर हा कपॅसिटर खर्ज कापायला लागतो तो १.६ हर्ट्झच्या आसपास. माणसाचा कान २० हर्ट्झच्या खाली जवळजवळ थांबतो. त्याच जागी जर अर्ध्या मायक्रोफॅरडच्या आतबाहेरचा कपॅसिटर असता, तर कापणी ३० हर्ट्झच्या वर आली असती आणि तो बदलल्यावर फरक खरंच पडला असता. थोडक्यात, कपॅसिटरच्या अंगावर कुणाचं नाव आहे यापेक्षा त्याचा आकडा आधी बघा. इलेक्ट्रोलिटिक बदलताना उलटा बसवू नका, फुटतो. आणि ज्या डब्यात घरातली वीज थेट येते तो उघडू नका. ॲडॉप्टरवर चालणाऱ्यांपुरतीच ही हौस ठेवा.

ऑप-ॲम्पचं थोडक्यात. एनई५५३२ काढून एलएम४५६२ लावला, आवाज 'तपशीलवार' झाला, मी खूश. चिपला बोट लागलं तर चटका बसला. एका मित्राच्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर पाहिलं, तर ती मेगाहर्ट्झमध्ये स्वतःशीच थरथरत होती. माझा तपशील तो होता. सॉकेटच्या खाली, पॉवरच्या पायांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले तेव्हा ती थंड झाली, आणि तपशीलही गेला.

मग खरा फरक कशानं पडला? ऐकून हसाल. माझ्या डब्यातून एक बारीक गुणगुण यायची, कंप्युटरचा चार्जर लावला की जास्तच. मी महिनाभर पॉवर सप्लायच्या मागे लागलो होतो. मोठे कपॅसिटर, नवा रेग्युलेटर, जाड ग्राउंड वायर. गुणगुण तशीच. ती पॉवर सप्लायमधून येतच नव्हती. डिजिटल सिग्नल आणणाऱ्या कोॲक्सिअल केबलच्या ग्राउंडमधून ती कंप्युटरकडून येत होती. डब्याला ऑप्टिकल इनपुट होतं, कंप्युटरला ऑप्टिकल आउटपुट होतं, दोन्हींवर पहिल्या दिवसापासून रबराची टोपी तशीच. टोप्या काढून केबल लावली. त्यातून फक्त प्रकाश जातो, ग्राउंड जोडलं जातच नाही. गुणगुण गेली, आणि गाण्याच्या दोन जागांमधली शांतता पहिल्यांदा शांत वाटली. या बदलाला भाच्याची गरज पडली नाही, तो शेजारच्या खोलीतून ऐकू आला असता. आणि यासाठी डबा उघडावासुद्धा लागला नव्हता.

राहता राहिला या चिपचा तो प्रसिद्ध मऊपणा. लोक त्याला रेकॉर्ड प्लेअरसारखा गोडवा म्हणतात. माझ्या डब्यात ओव्हरसँपलिंग, म्हणजे दोन आकड्यांच्या मधे हिशेबानं आणखी आकडे भरणं, नाही. एक आकडा आला की पुढचा येईपर्यंत चिप तोच धरून ठेवते. या धरून ठेवण्यामुळे वरचे सूर थोडे बसतात, १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० ला तीनहून थोडे जास्त. तानपुऱ्याची जवारी त्यामुळे किंचित दबते, आणि कर्कश रेकॉर्डिंग सुसह्य होतं. प्लेअरच्या इक्वलायझरनं हा उतार भरून काढून पाहिला. आकड्यांनी आवाज बरोबर झाला. दोन दिवसांनी इक्वलायझर बंद करून टाकला, मला चुकीचाच आवडतो.

उजव्या बाजूचा कपॅसिटर नंतर बदलला. ऐकू काही येत नाही हे माहीत होतं, पण एकीकडे अंगठा आणि एकीकडे करंगळी असं बघवत नव्हतं. दोन्ही जाडे कपॅसिटर मग आडवे पाडले, तेव्हा कुठे झाकण बसलं. त्याला चार स्क्रू आहेत. मी दोनच लावतो.