उजेडासाठी बांधलेल्या इमारती

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये उठला, विटांवरचा 1850 मध्ये, आणि 1696 पासून चालत आलेला खिडक्यांवरचा कर 1851 मध्ये. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील घरे, पेढ्या आणि गिरण्या समजून घ्यायच्या असतील, तर या तीन सालांपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

आम्हां गोमंतकीयांच्या जुन्या घरांत खिडक्यांना शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले असत. बाहेर ऊन रगड, ते आत येताना सौम्य व्हावे एवढाच हेतू. लीड्स-मँचेस्टर या इंग्लंडमधील गिरण्यांच्या शहरांत मात्र धुराने आभाळ झाकोळलेले असे, आणि त्यामुळे तिथे उजेड हा विटा-चुन्यासारखाच बांधकामाचा जिन्नस ठरला. मागांच्या शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे आणि त्यातील काचेची बाजू उत्तरेकडे ठेवत, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर जवळपास सारखा राहतो आणि मागावर थेट ऊन पडत नाही. 1840 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या लीड्सच्या टेंपल मिलमध्ये जवसाच्या तंतूंचे सूत निघे. आतली हवा दमट राहावी म्हणून छपरावर माती टाकून गवत वाढवले होते, त्या गवतातून काचेचे शंकू वर काढून खालच्या विस्तीर्ण दालनात उजेड पोचवला होता, आणि ते गवत फार वाढू नये म्हणून वर मेंढ्या चरत असत. गरजेतून इतकी देखणी युक्ती निघालेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

मँचेस्टरच्या कापडाच्या वखारींत गिऱ्हाईक माल उजेडात पारखून घेई, म्हणून तिथेही मोठ्या खिडक्या आल्या. लिव्हरपूलला पीटर एलिस यांनी 1864 मध्ये ओरिएल चेंबर्स ही कचेऱ्यांची इमारत लोखंडी सांगाड्यावर उभारली आणि दर्शनी भिंत जवळजवळ काचेची केली. त्या काळच्या टीकाकारांनी तिची हेटाळणी केली. आज ती आधुनिक कार्यालयीन इमारतींची पूर्वज मानली जाते, आणि ते रास्तच आहे.

घरांच्या बाबतीत पुरावा बारीक आहे. इंग्लंडमधील स्विंडन शहरात आज गोव्याची कितीतरी कुटुंबे राहतात आणि तिथे एकाला एक लागून बांधलेल्या जुन्या घरांच्या रांगा आहेत. अशा घरातील वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी जवळून पाहावी. वरच्या झडपेच्या उभ्या पट्ट्यांची टोके खालच्या कोपऱ्यांत बोटभर पुढे आलेली दिसली, तर ती खिडकी बहुधा कर उठून काच स्वस्त झाल्यानंतरची समजावी: मोठ्या अखंड काचा आल्या, मधल्या बारीक पट्ट्या गेल्या, काचेचे वजन वाढले, आणि सांधा निखळू नये म्हणून सुतारांनी ती टोके राखली.

तिथे घर घेतलेल्या माझ्या एका नातलगाने प्लास्टिकच्या खिडक्या बसवण्याचा विचार कळवला, तेव्हा मी त्याला लिहिले की आधी सुताराला बोलाव. झडप तोलून धरणारी आतली दोरी तुटली आहे की झडप रंगाने चिकटली आहे ते पाहून घे, आणि लाकूड कुजले असेल तर तेवढाच तुकडा बदल.