डाळिंबाच्या मुळावरच्या गाठी आणि मातीच्या पिशवीचे हेलपाटे

भगवा जातीच्या डाळिंबाच्या बागेत सात-आठ झाडं ठिबक चालू असूनही दुपारी माना टाकायची. दुकानदाराने आधी झिंक दिलं, मग मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी करायला लावली. शेवटी ड्रीपरखाली उकरलं. पांढऱ्या मुळीवर मणी ओवल्यासारख्या गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरून गाठी करणारे बारीक किडे!

तपासणीसाठी माती नेहमीसारखी सावलीत वाळवली, चाळली आणि कापडी पिशवीतून नेली. माती प्रयोगशाळेच्या खिडकीवर सूत्रकृमीसाठी आहे असं स्पष्ट सांगितलं. पैसे घेतले, पावती दिली. अकरा दिवसांनी अहवाल आला: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश. सूत्रकृमीचं नावही नाही. विचारलं तर म्हणे, "ती तपासणी आमच्याकडे होत नाही." मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? उरलेली माती घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या मॅडमनी पिशवी उघडली आणि परत बांधली. "दादा, हे जीव ओलाव्यात जगतात. वाळलेल्या मातीत मी काय शोधू?"

तिसरी खेप. ठिबकच्या ओल्या पट्ट्यातली वीतभर खोलीची माती, पाच-सहा झाडांखालची एकत्र करून, बारीक मुळ्यांसकट, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. उन्हात ठेवायची नाही, त्याच दिवशी पोचवायची. यात तीन आठवडे गेले. उबदार जमिनीत सूत्रकृमींची एक पिढी 25 ते 30 दिवसांत पुरी होते आणि एक मादी तीनशे-चारशे अंडी घालते. माझा राग त्या हिशेबाचा आहे.

मॅडमनी सुईने गाठ फोडून भिंगाखाली दाखवली. आत मोत्यासारखी पांढरी, नासपतीच्या आकाराची मादी, टाचणीच्या डोक्याहून लहान. ती मुळाच्या आतच बसून खाते, म्हणून वरून फवारून काही होत नाही.

मी झाडाला दोन किलो निंबोळी पेंड पॅसिलोमायसीस ही मित्रबुरशी मिसळून मुळांपाशी दिली, ओळींमध्ये झेंडू लावला आणि तो चार महिने ठेवला. फ्ल्युओपायरम हे सूत्रकृमीनाशक ठिबकमधून एकदाच सोडलं, लेबलवरच्या मात्रेने. समूळ जात नाहीत, पण पावसाळ्यानंतर नवी पांढरी मुळी दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला.

हो, आंतरपीक म्हणून टोमॅटो, वांगी, भेंडी अजिबात नको, त्यांवरही हेच जगतात. आणि हरभऱ्याच्या मुळावरच्या, नत्र धरणाऱ्या चांगल्या गाठी नखाने सुटतात, या सुटत नाहीत, मूळच सुजलेलं असतं.

यंदा नव्या प्लॉटसाठी रोपं आली, तेव्हा गाडीवरच दहा पिशव्या फाडून मुळं धुतली. दोन रोपांना गाठी निघाल्या. अख्खी गाडी परत पाठवली.