एम.ए.चा लघुप्रबंध आणि आत्मचरित्रं : माझा अनुभव

नोकरी सांभाळून एम.ए. मराठी करतेय म्हटलं की लोक विचारतात "आता कशाला?", आणि लघुप्रबंध आत्मचरित्रांवर आहे सांगितलं की "म्हणजे गोष्टीच वाचायच्या ना, सोप्पंय की." तर ते सोपं-बिपं काही नाहीये, म्हणून हे लिहितेय, कुणाला हाच विषय घ्यायचा असेल तर बघा.

आधी विषय बारीक करा. "मराठी आत्मचरित्रे : एक अभ्यास" घेऊन गेलात तर गाईड हसून परत पाठवणार, कारण सुरुवात करणार कुठून? सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंपासून धरायचं (त्या तर या जन्मासोबत मागच्या जन्मांचीही हकीकत अभंगांतून सांगतात!), मग नाना फडणीसांचं आत्मवृत्त, बाबा पदमनजींचं १८८८चं 'अरुणोदय', लक्ष्मीबाई टिळक, आणि १९७८ला दया पवारांचं दलित आत्मचरित्र 'बलुतं' आल्यावर तर पुढे रांगच लागली, उपरा, अक्करमाशी, उचल्या. मॅडम म्हणाल्या, यातलं तुला नक्की काय बघायचंय ते सांग. वाचताना मी पुन्हापुन्हा एकाच ठिकाणी अडकत होते, की ही माणसं सांगतायत कुणाला आणि त्यांच्याकडून लिहून घेतंय कोण. मॅडम म्हणाल्या, मग हाच घे.

सगळ्यात जास्त वेळ गोडसे भटजींनी खाल्ला आणि मजाही तिथेच आली. विष्णुभट वरसईचे, घरावर कर्ज, ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातल्या बायजाबाई मोठा यज्ञ करणारेत तर दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके १८५७च्या बंडात सापडले, झाशीला वेढा पडला तेव्हा हे आत, जमवलेले पैसे लुटले गेले, आणि शेवटी घरी आले ते गंगेची कावड घेऊन. हे सगळं त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहिलं तेही इतिहासाचे अभ्यासक चिं. वि. वैद्यांच्या सांगण्यावरून. १९०७ला 'माझा प्रवास' छापताना वैद्यांनी भाषा सारखी केली, स्वतःची भरही घातली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली प्रत आली १९६६ला, म्हणजे मधली साठेक वर्षं लोक जे वाचत होते त्यातला भटजी किती आणि वैद्य किती? मी दोन्ही प्रती टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून पेन्सिलीने खुणा करत बसायचे, रात्री जेवणं उरकली की. डोळे जातात यात, पण माझ्या मते लघुप्रबंधातलं एवढंच प्रकरण खऱ्या अर्थाने माझं आहे, बाकी थोडंफार सगळेच लिहितात.

हा प्रश्न डोक्यात ठेवून वाचलं की बाकीची पुस्तकंही वेगळी दिसायला लागतात. रमाबाई रानड्यांच्या आठवणी छापल्या गेल्या १९१०ला पण त्या थांबतात १९०१ला, नवरा, न्यायमूर्ती रानडे, गेले तिथे. 'सांगत्ये ऐका' हे अभिनेत्री हंसा वाडकरांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं, 'माणूस' साप्ताहिकात आलं, मग पुस्तक झालं, तर आता त्यातला बिनधास्त सूर पूर्ण हंसाबाईंचाच का? बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं'चं उलटं, लिहून घेणारं कुणीच नाही, फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहायचं आणि घरच्यांपासून लपवून ठेवायचं, कित्येक वर्षांनी ते 'स्त्री' मासिकात छापून आलं. आणि एवढं लपूनछपून लिहिलेल्या पुस्तकात बाई 'मी'पेक्षा 'आम्ही' जास्त बोलतात.

थिअरीचं प्रकरण सगळ्यांना नको असतं, मलाही नको होतं. पण फ्रेंच अभ्यासक फिलिप लज्यून यांचा करार घ्याच, कव्हरवरचं नाव, सांगणारा आणि ज्याची गोष्ट आहे तो, तिघं एकच असा लेखकाने वाचकाला दिलेला शब्द. हे नुसतं पाठ करून लिहिलं की कोरडं होतं, 'बलुतं'ला लावून बघा. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो ती दया पवारांना, म्हणजे एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसलीत, एक बोलतोय आणि शिकून शहरात स्थिरावलेला दुसरा ऐकतोय. आता करार कुणी केला, दगडूने की दयाने? यावर माझी चार पानं सहज झाली.

फॉर्म, बाइंडिंग, सह्या यात जे व्हायचं ते झालंच, ते सांगत नाही. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "यातलं खरं किती, हे कसं ठरवलंत?" मी म्हटलं, सर, वेढ्याच्या तारखा इतर कागदांवरून ताडून बघता येतात, पण भटजींना तेव्हा किती भीती वाटली ते कशावरून ताडणार, आणि माझा प्रश्न तो नव्हताच, त्या भीतीवर नंतर कुणाची पेन्सिल फिरली हा होता. सर म्हणाले, "मग वैद्यांनी नेमकं काय बदललं ते दाखवा," आणि पुढचा सगळा वेळ आम्ही त्या दोन प्रतींवरच बोलत बसलो, बाकीची प्रकरणं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत.