हे कोनं इचारलं होतं?

तालुक्याच्या टाकीजचा शो सुटला की पिक्चर कसा होता हे विचारावं लागत नाही. चांगला असला तर पोट्टे पायऱ्यांवरूनच डायलॉग मारत उतरतात. वाईट असला तर पहिली शिवी दारातच पडते. पण लाडक्या पिक्चर-मालिकेत आधी काय घडलं होतं, ती मागची स्टोरी सांगणारा नवा पिक्चर फसला, तर दोन्ही होत नाही. माणसं मुकाट्याने गाड्यांना किक मारतात, पानठेल्यावर येतात, खर्रा घोटून होईपर्यंत सोयाबीनच्या भावाचं बोलतात, आणि मग कोणीतरी म्हणतो, "तसा बेकार नव्हता म्हना." तिथे समजून घ्यायचं, पिक्चर गेला.

का गेला, याचं पहिलं उत्तर ठरलेलं: शेवट आधीच ठाऊक होता. हे कारण खोटं आहे, आणि विदर्भातल्या माणसाने तर ते देऊच नये. झाडीपट्टीत दिवाळी झाली, मंडई भरू लागली की नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. चादर पांघरून बसलेल्या म्हातारीला पहिल्या अंकातच कळलेलं असतं की हा सावकार शेवटी तोंडावर पडणार. ती उठून जात नाही. दंडारीत रावण मरणार हे तर मांडीवरच्या लेकरालाही ठाऊक असतं. शेवट माहीत असणं ही ज्यांची अडचण कधी नव्हतीच, त्यांना पिक्चरमध्येच ती का यावी?

मागची स्टोरी कशी सांगावी याचा पक्का नमुना आपल्याकडे आहेच. वाल्मीकींचं उत्तरकांड. युद्ध संपलं, राज्याभिषेक झाला, रावण कधीचा मेला, आणि आता अगस्ती ऋषी रामाला त्या मेलेल्या रावणाची पिढ्यांपासूनची हकीकत सांगायला बसतात. पडला असता की नाही हा प्रकार? पण पडत नाही. रावण नंदीचं वानरासारखं तोंड पाहून हसतो, आणि नंदी शाप देतो की अशाच तोंडाचे तुझ्या कुळाचा नाश करतील. एवढं ऐकलं की आधी ऐकलेलं लंकादहन बदलून जातं. तेव्हा ती हनुमानाची करामत होती. आता ती रावणाच्या एका हसण्याची वसुली आहे. त्याहून नामी जागा पुढे आहे. राम स्वतःच विचारतो, हनुमानात एवढं बळ होतं तर सुग्रीवावर वेळ आली तेव्हा त्याने वालीला का नाही संपवलं? ऐकणाऱ्याच्या मनात कधीचा बसलेला हा प्रश्न. मग लहानपणीच्या खोड्या येतात, ऋषींचा शाप येतो की कोणी आठवण करून दिल्याशिवाय तुला तुझं बळ आठवणार नाही, आणि समुद्रकाठी जांबवंताला हनुमानाची एवढी स्तुती का करावी लागली ते आपोआप उलगडतं.

यात कसब दोनच ठिकाणी आहे. प्रश्न आधी पडलेला असला पाहिजे, आणि उत्तराने पाहिलेल्या गोष्टीचा रंग बदलला पाहिजे. यातलं एक चुकलं तर पिक्चर लंगडतो. दोन्ही चुकली तर पानठेल्यावरचं ते वाक्य.

बाहुबलीने हेच केलं. पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला आणि अमरेंद्रला आपणच मारलं, या कटप्पाच्या कबुलीवर थांबला. दुसरा एप्रिल २०१७ मध्ये आला, आणि त्याचा मोठा हिस्सा मागचीच स्टोरी आहे. अमरेंद्र मरणार, कोणाच्या हातून मरणार, सगळं ठाऊक. राहिलं होतं फक्त 'का', आणि तेवढ्यावर लोकांनी पावणेदोन वर्षं काढली. उत्तर आलं ते सिंहासनाला बांधलेल्या गुलामाचं: राजमाता शिवगामीची आज्ञा झाली की कटप्पाचा हात त्याचा राहत नाही. त्यानंतर पहिला भाग पुन्हा लावा. कटप्पा शिवाचा, म्हणजे अमरेंद्रच्या पोराचा, पाय उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो, तो प्रसंग बघा. पहिल्या वेळी तो भक्तीचा वाटला होता. आता त्यात खुनाचं ओझं दिसतं.

याच्या उलट दबंगचा तिसरा भाग, २०१९ चा. त्यात चुलबुल पांडे पोलीस होण्याआधी कसा होता आणि त्याचं पहिलं प्रेम कोणतं, हे दाखवलं. टाकीजात मागून आवाज येतो तो अशाच ठिकाणी: "हे कोनं इचारलं होतं बाप्पा?" गॉगल कॉलरच्या मागे अडकवणारा हा माणूस २०१० मध्ये तयार होऊनच पडद्यावर आला, आणि तसाच लोकांनी घेतला. त्याला कारण नव्हतं यातच गंमत होती. शिवाय आधीचं मोठं प्रेम दाखवलं की रज्जोचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, वजन कमी होतं. जुन्या भागातला जीव नवा भाग काढून घेतो. आणि वयाचा हिशेब कसा चुकवणार? पन्नाशी ओलांडलेल्या नटाला कथेत पंचविशीचा करायचं, म्हणजे केस, मेकअप आणि कॉम्प्युटर असे तिघे कामाला लावायचे. चेहरा गुळगुळीत होतो, पण मान, खांदे आणि चाल वय सांगून जातात. गावातल्या माणसाला हे लवकर दिसतं. तो बैल दात बघून घेतो.

प्रेक्षकांच्या अपेक्षाभंगाचा सगळ्यात मोठा दाखला मात्र अमेरिकेतला आहे. स्टार वॉर्स या अंतराळातल्या पिक्चर-मालिकेचे पहिले तीन भाग १९७७, १९८० आणि १९८३ मध्ये आले. मग सोळा वर्षं पडद्यावर नवा भाग नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात पुढच्या भागाची झलक दुसऱ्याच पिक्चरच्या आधी दाखवणार असं कळलं, तर लोकांनी त्या पिक्चरचं पूर्ण तिकीट काढलं, झलक पाहिली आणि उठून गेले. मे १९९९ मध्ये 'द फँटम मेनेस' आला, जुन्या भागांतल्या खलनायकाची लहानपणापासूनची मागची स्टोरी घेऊन. आधी लोकांनी टाकीजबाहेर मुक्काम ठोकले होते. त्या वर्षी जगात सगळ्यात जास्त गल्ला त्याचाच. आणि तरी 'निराशा' म्हटलं की आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. गल्ला पहिल्या आठवड्याच्या आशेतून येतो, मत नंतर बनतं.

त्यात नेमकं काय चुकलं? सुरुवात होते व्यापारी कराच्या भांडणाने आणि नाकेबंदीने, हे एक. पण खरी दुखरी जागा दुसरी. जुन्या भागांत 'फोर्स' म्हणजे चराचरात भरलेली शक्ती होती; म्हाताऱ्या गुरूने तरुणाला ती दोन वाक्यांत सांगितली आणि जगाने मानली. नव्या भागात ती रक्तातल्या सूक्ष्म जीवांच्या संख्येवर आली. मुलाचं रक्त काढतात, तपासतात, आकडा वीस हजारांच्या वर निघतो, म्हणून मुलगा थोर. गुरुकुंज मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेत बसणाऱ्या माणसाला हे सांगून बघा की तुमची एकाग्रता किती ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये येतं. तो भांडणार नाही, हसेल. तिकडचे भांडले.

ते भांडण पुढे भलतीकडे गेलं. जार जार बिंक्स हे विनोदी पात्र करणाऱ्या अहमद बेस्ट या नटावर एवढी राळ उडाली की आपण आत्महत्येच्या टोकाला पोचलो होतो, असं त्याने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पात्र लिहिणारा दुसरा, ठरवणारा दुसरा, मार खाल्ला नटाने. झाडीपट्टीत नाटक फसलं तर लोक कंपनीला बोल लावतात आणि पुढच्या साली दुसरी कंपनी आणतात. हिशेब तिथेच मिटतो. तोच नट २०२३ मध्ये त्याच जगातल्या एका टीव्ही मालिकेत जेडाय, म्हणजे फोर्स वापरणारा योद्धा, होऊन, लहानग्याला वाचवायला आला, तेव्हा १९९९ मध्ये जी पोरं होती त्यांनी टाळ्या वाजवल्या. कारण त्या पोरांना तो पिक्चर तेव्हाही आवडलाच होता.

चित्राच्या वेगाची भानगड वेगळीच, आणि ती घरच्या टीव्हीपर्यंत येते. 'द हॉबिट' हे १९३७ चं एकच पुस्तक, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या आधीची गोष्ट. त्याचे २०१२ ते २०१४ मध्ये तीन पिक्चर झाले, मिळून जवळपास आठ तासांचे. ताणलं तर आहेच. पण काही टाकीजांत तो सेकंदाला ४८ चित्रं दाखवून चालवला, आणि लोक म्हणाले, हा तर सीरियलसारखा दिसतो. ते चूक नव्हते. पिक्चर सेकंदाला २४ चित्रांचा. हलत्या हाताची कड थोडी फराटते, आणि त्या फराट्यालाच आपला डोळा सिनेमा समजतो. वेग दुप्पट केला की प्रत्येक चित्राला उजेड कमी वेळ मिळतो, फराटा घटतो, आणि मुकुट मुकुट न दिसता रंगवलेला पुठ्ठा दिसतो. आपला जुना टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र बदलायचा, म्हणून सीरियल आणि क्रिकेट तसे गुळगुळीत दिसत. नवीन मोठ्या टीव्हीत जुना पिक्चरही असाच दिसत असेल तर दोष पिक्चरचा नाही. सेटिंगमध्ये 'मोशन' किंवा 'स्मूथ' अशा नावाचं काहीतरी चालू असतं, ते बंद करायचं.

निराश झालेला प्रेक्षक पुढे काय करतो, ते पाहण्यासारखं असतं. नागपूरला जाऊन, पेट्रोल आणि महागडं तिकीट सोसून आलेला माणूस पंधरा दिवस तरी पिक्चर वाईट म्हणत नाही. फायटिंग चांगली होती म्हणतो. न पाहताच शिव्या देणारा एक प्रत्येक गावात असतो, त्याला सोडा. कामाचा माणूस तिसरा. तो पिक्चर दुसऱ्याला सांगतो, आणि सांगताना दुरुस्त करतो. कराचं भांडण गाळतो, विदूषक दोन वाक्यांत आटोपतो, गाणं उडवतो, शेवटची तलवारबाजी मात्र हातवारे करून सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, पिक्चर तर भारी दिसते! अमेरिकेत एका माणसाने हेच कॉम्प्युटरवर केलं. 'द फँटम मेनेस' कापून सुमारे वीस मिनिटांनी कमी केला, जार जारला बराच गप्प केला, आणि ती प्रत हातोहात फिरली. आता मोबाईलवर हे काम अंगठा करतो, दहा-दहा सेकंद पुढे.

घरी पोरांना दाखवायचं असेल तर क्रम सांभाळा. बाहुबली आला तसाच दाखवायचा. गोष्टीतल्या काळाप्रमाणे लावायला गेलं तर कटप्पाचं 'का' प्रश्न पडण्याआधीच सुटतं, आणि मग पहिल्या भागात धबधबा चढणंच उरतं. स्टार वॉर्सला नंबर आहेत, पण त्या नंबरांवर जाऊ नका, कारण १९७७ चा पिक्चर चौथा भाग मानतात आणि १९९९ चा पहिला. जाणकारांत एक क्रम चालतो: चौथा, पाचवा, मग दुसरा, तिसरा, आणि शेवटी सहावा. पाचव्यात बाप कोण ते कळतं, मुलगा हादरतो, आणि नेमक्या त्याच जागी बापाची मागची स्टोरी येते. पहिला भाग पूर्ण गळतो, रक्ताच्या रिपोर्टसकट.

गळतो खरा, पण पोट्टे सोडत नाहीत. त्यांना त्यातली शर्यत हवी असते. दोन इंजिनं दोरांनी जुंपलेली, मागे छोट्या डब्यात एकटा हाकणारा, आणि धूळ. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेल्या घरात यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तेवढी लावून द्यायची, आणि कराची चर्चा सुरू झाली की रिमोट हातात घ्यायचा.