गिटारचा पट्टा आणि त्याची दोन टोके

पुण्याच्या नाना पेठेत माझ्या वडिलांचे, म्हणजे आण्णांचे, चपला शिवण्याचे आणि दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. रापी, आरी, मोगरी आणि मेणाचा दोरा मी लहानपणापासून पाहत आलो. पण ही हत्यारे स्वतः हातात धरण्याची वेळ आली ती वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आणि तीही चपलेसाठी नव्हे, तर गिटारसाठी. २०१८ मध्ये मी एका कंपनीत हिशेबाचे काम करत होतो आणि हौसेने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. तिचे वजन चार किलोंहून थोडे अधिकच होते. तिच्यासोबत आलेला नायलॉनचा अरुंद पट्टा घालून तासभर उभे राहिले की डावा खांदा बधिर होत असे. आण्णांनी एके दिवशी तो पट्टा हातात घेतला, टोकाला लावलेला कृत्रिम चामड्याचा तुकडा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "एवढं महागाचं वाद्य तू या चिंधीवर टांगतोस? बस इथं, आपण दुसरा करू."

तो पहिला पट्टा आम्ही दोघांनी एका रविवारी केला. आमच्या बँडमधल्या दोघांनी तसाच मागितला, त्यांच्या ओळखीतून आणखी चौघे आले, आणि वर्षभरात नोकरी सांभाळून रात्री पट्टे शिवणे हा माझा नेम होऊन बसला. पूर्ण वेळ या कामात उतरायचे ठरवले तेव्हा मला वाटले होते की शिवणकाम आले म्हणजे निम्मा धंदा आला. खरे शिकणे त्यानंतर सुरू झाले.

सर्वांत आधी अडले ते कातड्यापाशी. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने इथे प्रामुख्याने म्हशीचे कातडे मिळते. म्हशीचे कातडे जाड आणि चिवट असते, त्यामुळे पट्ट्यासाठी त्यात उणे काहीच नाही. प्रश्न कमावणीचा असतो. क्रोमने कमावलेले कातडे मऊ असते, रंग चांगला धरते आणि पाण्याला फारसे दबत नाही, पण वजन टांगून ठेवले की ते ताणत जाते आणि कापलेली कड कितीही घोटली तरी तिच्यावर चकाकी येत नाही. झाडपाल्याने कमावलेले कातडे आरंभी ताठ असते, मात्र वापरणाऱ्याच्या खांद्याचा आकार ते हळूहळू घेते, आणि त्याची कड ओली करून लाकडाने घोटली की काचेसारखी होते.

म्हणून मी आधी कोल्हापूरला गेलो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल ज्या कातड्याची बनते, ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले असते. कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात ते पाणी भरून टांगून ठेवण्याची जुनी रीत मला आण्णांनी सांगितली होती. ते कातडे हातात घेतले की मन भरून येते. परंतु माझ्या कामासाठी ते फार कडक निघाले. तळव्याखाली जे हवे, ते खांद्यावर टोचते. शेवटी खोगिरे आणि घोड्यांचा सरंजाम बनवण्यासाठी नाव असलेल्या कानपूरहून साडेतीन मिलिमीटर जाडीचे कातडे मागवू लागलो. घोड्याच्या लगामाला आणि गिटारच्या पट्ट्याला लागणारे गुण पुष्कळसे सारखेच असतात, ही गोष्ट तेव्हा ध्यानात आली.

मधल्या काळात एका पुरवठादाराने चांगल्या कातड्याच्या भावात मला खालचा थर पाठवला होता. जाड कातडे यंत्रावर आडवे चिरले की वरचा दाणेदार थर वेगळा होतो आणि खाली तंतूंचा मोकळा थर उरतो. त्यावर रंगाचा लेप देऊन खोटे दाणे उठवले की नवख्याला फरक कळत नाही. आण्णांनी कड भिंगाखाली धरायला सांगितले. खऱ्या कातड्याच्या कडेला वरच्या बाजूस तंतू घट्ट विणलेले दिसतात आणि खाली ते सैल होत जातात. त्या मालात सगळीकडे सारखाच मोकळेपणा होता, वर तेवढी रंगाची एक पातळ पापुद्र्यासारखी रेघ. तेव्हापासून पैसे देण्यापूर्वी मी हातभर तुकडा मागवतो आणि त्याची कड पाहतो.

आता पट्ट्याच्या टोकांविषयी सविस्तर लिहितो, कारण या धंद्यात मी केलेली सर्वांत मोठी चूक तिथे आहे. पट्टा कितीही रुंद आणि सुंदर असला तरी वाद्याचे सगळे वजन शेवटी दोन भोकांवर येते. गिटारच्या अंगाला दोन धातूची बटणे असतात आणि पट्ट्याच्या प्रत्येक टोकाचे भोक त्यांवर ओढून बसवायचे असते. बटणाचे डोके रुंद आणि मान बारीक असल्याने भोकाला जोडून एक चीर द्यावी लागते, म्हणजे डोके आत शिरते आणि मान भोकात बसते. पहिल्या वीस पट्ट्यांना मी दहा मिलिमीटरचे भोक आणि वीस मिलिमीटरची चीर दिली होती, कारण गिऱ्हाइकाला पट्टा सहज बसवता आला पाहिजे असे मला वाटत होते. नवे कातडे ताठ असते, त्यामुळे ते पट्टे महिनोन्महिने नीट टिकले. नंतर कातडे मवाळले, आणि सहज बसणारा पट्टा तितक्याच सहजपणे निघू लागला.

सहकारनगरमधल्या एका तालमीच्या खोलीत माझ्या पट्ट्यावरून एक गिटार सुटून फरशीवर पडली. ज्या गिटारींचे डोके, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांचे टोक, मागे झुकलेले असते, त्यांची मान पडल्यावर नेमकी डोक्याच्या बुडाशी तडकते. तशीच ती तडकली. तो मुलगा महाविद्यालयात शिकत होता आणि गिटार त्याच्या थोरल्या बहिणीने पहिल्या पगारातून घेऊन दिलेली होती. मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याची आई मला म्हणाली, "दादा, तुम्ही स्वतः आलात, बरं केलंत," आणि ते ऐकून मला अधिकच अपराधी वाटले. दुरुस्तीचे साडेचार हजार रुपये मी भरले. त्याच आठवड्यात आधीच्या सर्व गिऱ्हाइकांना फोन करून पट्टे परत मागवायला सुरुवात केली.

नवे टोक बसवायला दोन महिने लागले. मी व्हर्निअर कॅलिपर घेऊन वाद्यांच्या दुकानांतून हिंडलो आणि जमतील तितकी बटणे मोजली. डोक्याचा व्यास कुठे अकरा मिलिमीटर, कुठे पंधरा. माझा पहिला विचार टोकाला कातड्याचे दोन थर देण्याचा होता, पण तेवढी जाडी बटणाच्या मानेवर मावत नाही आणि पट्टा अर्धवट बसून राहतो, जे अधिक धोक्याचे. अखेर उत्तर आण्णांनी दिले. चपलेच्या अंगठ्याचे भोक ते कधीही रापीने कापत नसत. "कापलेल्या भोकाला कोपरा राहतो, आणि फाटायला कोपराच लागतो," असे ते म्हणाले. आता मी आठ मिलिमीटरचे भोक पंचने पाडतो, त्यापासून बारा मिलिमीटर अंतरावर दोन मिलिमीटरचे दुसरे बारीक भोक पाडतो, आणि मगच दोहोंना जोडणारी सरळ चीर देतो; त्यामुळे चीर जिथे संपते तिथे कोपरा उरत नाही. टोकाचा तुकडा पाठीच्या कण्याजवळच्या सर्वांत घट्ट भागातूनच घेतो. असा पट्टा बटणावर चढवताना अंगठ्याने चांगला जोर द्यावा लागतो, आणि ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. ज्याला वाद्य फार हलवत वाजवायचे असते, त्याला मी स्ट्रॅप लॉक, म्हणजे पट्टा बटणावरून सुटू न देणारी खटकीही बसवून घ्यायला सुचवतो. प्रत्येक नव्या कातड्यातला एक पट्टा गॅलरीतल्या हुकाला, बटणासकट, पंधरा किलो वाळूची पिशवी लावून दिवसरात्र टांगून ठेवतो.

कापणीतही पाठ आणि पोट हा भेद सांभाळावा लागतो. पोटाकडचे कातडे ताणते, म्हणून पट्टा कण्याला समांतर आणि पाठीच्या बाजूनेच कापायचा. बावीस चौरस फुटांच्या एका कातड्यातून, प्रत्येकी सुमारे एक चौरस फूट लागणारे पट्टे बावीस निघतील असा माझा कागदावरचा हिशेब होता. प्रत्यक्षात चांगले निघतात दहा. उरलेल्या पोटाच्या भागातून मी पिक, म्हणजे तारा छेडायच्या चकत्या, ठेवायच्या पिशव्या आणि वायरी बांधायच्या पट्ट्या बनवतो.

शिवण दोन सुयांची. एकच मेणाचा दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. त्यामुळे एक टाका झिजून तुटला तरी शेजारचा टाका जागच्या जागी राहतो. यंत्राच्या शिवणीत दोन दोरे एकमेकांत नुसते अडकलेले असतात, म्हणून ती उसवू लागली की उसवतच जाते. डावी सुई आधी घालायची, उजवी तिच्या मागून, आणि ओढताना दोन्ही हातांचा ताण सारखा ठेवायचा, हा क्रम एकदाही बदलला तर टाक्यांची तिरकी ओळ तिथेच मोडते आणि ती पट्ट्यावर कायमची दिसत राहते. आरंभी एका पट्ट्याला चार तास लागत. आता सव्वादोन तास लागतात.

रंगाने मला एका पावसाळ्यात शिकवले. गडद लाल रंगाचा एक पट्टा गणपतीतल्या कार्यक्रमात घामाने आणि दमट हवेने ओला झाला आणि वाजवणाऱ्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर खांद्यापासून पाठीपर्यंत लाल पट्टा उमटला. आता रंग दिल्यावर कातडे दोन दिवस वाळवून, जास्तीचा रंग पुसून, ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहतो. फडके स्वच्छ निघेपर्यंत पट्टा पुढे जात नाही, आणि अंगाकडच्या बाजूला न रंगवलेल्या मऊ कातड्याचे अस्तर असते. पावसाळ्यात तयार माल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, हेही तेव्हाच कळले. आठ दिवसांत बुरशी धरते. जुन्या गिटारी बाळगणारे लोक वेगळीच चौकशी करतात. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा लेप असलेल्या गिटारला पीव्हीसीचा पट्टा लागून राहिला, तर पीव्हीसी मऊ करण्यासाठी घातलेले द्रव्य लेपात उतरून तो चिकट होतो. त्यामुळे बकल बसवताना मी आत कुठेही रेक्झिन, म्हणजे पीव्हीसीचा लेप दिलेले कापड, वापरत नाही. बकले आणि रिव्हेट बोहरी आळीतून आणतो, आणि बकल पाठीमागे येईल असेच बसवतो, म्हणजे गिटारला ओरखडा पडत नाही.

कागदपत्रांचे काम मला वाटले होते तितके जड गेले नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर, सरकारी संकेतस्थळावर, विनामूल्य होते. तीच करून देण्याचे पैसे मागणारे खासगी दलाल पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे जाण्याची गरज नाही. माझ्यासारख्या मोजक्या माणसांच्या धंद्याला दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ सूचना द्यावी लागते. जीएसटीच्या बाबतीत, राज्याबाहेर माल विकणाऱ्याला उलाढाल लहान असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, परंतु गिटारचा पट्टा वाद्याचा भाग की चामड्याची वस्तू, असा घोळ नको म्हणून मी सल्लागाराच्या सांगण्यावरून नोंदणी घेऊन टाकली.

किमतीचा हिशेब मात्र मी, हिशेबनीस असूनही, दीड वर्ष चुकवत होतो. वाया जाणारा भाग धरून एका पट्ट्याला कातडे ४१८ रुपयांचे, अस्तर १२०, बकल आणि रिव्हेट ९५, दोरा, रंग आणि मेण मिळून ६०, खोका ४५. एकूण ७३८ रुपये. हा पट्टा मी एका दुकानात १,२०० रुपयांना ठेवत होतो आणि दुकानदार तीस टक्के कापून घेत असे, म्हणजे माझ्या हाती ८४० येत. तीन तासांच्या कामाचे १०२ रुपये, तेही दोन-तीन महिन्यांच्या उधारीनंतर. आण्णांचा हा हिशेब मी लहानपणी पाहिला होता. त्यांनी आयुष्यभर माल मोजला आणि हात कधी मोजले नाहीत. मी तासाला २०० रुपये धरून किंमत नव्याने बांधली आणि ती १,९५० वर गेली. सहा महिने विक्री निम्म्यावर आली. चारशे रुपयांत कारखान्याचा पट्टा मिळत असताना तुमचा का घ्यावा, असे विचारणाऱ्याला मी कड, शिवण आणि टोक दाखवतो आणि उत्तर त्याच्यावर सोडतो. घासाघीस करून किंमत कमी करत नाही.

हळूहळू मागणी सांगून करवून घेणारे गिऱ्हाईक वाढले, आणि ते मला अधिक मानवते. ऑर्डर घेताना मी उंची, वाद्याचे वजन, आणि गिटार छातीशी धरतात की कमरेशी, हे विचारतो. बेस गिटार वाजवणाऱ्याला अडीच इंच रुंदी पुरत नाही, तिथे साडेतीन इंच घेतो. इथल्या पुष्कळ अकूस्टिक गिटारींना खाली एकच बटण असते, तेव्हा वरच्या टोकाला कातड्याची वादी जोडून ती डोक्याशी, तारांच्या खालून बांधावी लागते. ती बांधण्याची पद्धत मी प्रत्येक खोक्यात चित्र काढून देतो.

परत मागवलेल्या वीस पट्ट्यांपैकी एकोणीस माझ्याकडे आले आणि त्यांच्या जागी नवे गेले. विसावा पट्टा गेल्यानंतर त्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर बदलला आणि पत्ताही. माझ्या वहीत त्याचे माप आहे : त्रेपन्न इंच, तपकिरी, काळा दोरा. त्या मापाचा नवा पट्टा मी शिवून ठेवला आहे आणि दर पावसाळ्यानंतर त्याला मेण लावतो.