तुम्ही विचारलंत म्हणून: धातू नसलेलं जग

"माझ्या कथेतल्या जगात धातूच नाहीत, चालेल ना?" एकदाच लिहून टाकतो. नाही चालणार. मोठ्या माणसाच्या अंगातच ३-४ ग्रॅम लोखंड असतं. रक्तात प्राणवायू तेच वाहून नेतं; ते काढलंत तर तुमचा नायक पहिल्याच पानावर गुदमरेल.

चालेल ते असं: धातू आहे, पण हाती लागत नाही. सह्याद्रीच्या काळ्या दगडात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं लोखंड असतं, पण सिलिकेटात, म्हणजे सिलिका (वाळूचा मूळ पदार्थ) असलेल्या खनिजात, अडकलेलं. कोळशाच्या भट्टीत घाला, काचेसारखा मळ निघेल. तोच दगड लाखो वर्षं पावसात कुजला की सिलिका धुऊन जाते आणि जांभा उरतो. महाबळेश्वराकडचे धावड त्यातूनच लोखंड गाळत. तेव्हा खाणी पुसू नका, पाऊस कमी करा. दलदलीही आटवा, तिथे सूक्ष्मजीव लोखंड साठवतात. पण नाही! सगळे फक्त तलवारी काढून घेतात आणि नकाशा तसाच ठेवतात.

आणि "धातू नाही म्हणजे रानटी" हे तर नकोच. १७६७ साली 'डॉल्फिन' हे इंग्रजी जहाज ताहितीला लागलं. बेटावर दगडी हत्यारांनी तासलेल्या, काथ्यानं शिवलेल्या उत्तम होड्या होत्या, लोखंड नव्हतं. खलाशी बायकांच्या सोबतीसाठी खिळे देऊ लागले. स्वतःचे संपले तेव्हा जहाजाचे उपटले. झोळ्या टांगायचे खिळेच गेल्यानं दोन-तृतीयांश माणसं डेकवर आडवी झाली. बाजारही फिरला: लहान खिळ्याला मिळणाऱ्या जिनसांना आता मोठा खिळा पडू लागला. टंचाईचं जग लिहायचं तर हे लिहा. लढाई नंतर बघू.

मीही पूर्वी ठासून सांगायचो की धातूशिवाय विज्ञान अडतं. अर्धं चूकच होतं. पोकळ बांबू, ओली वाळू आणि चिकाटी असली की गारगोटीलाही भोक पडतं, कारण कापते ती वाळू, बांबू नव्हे. काच होते, भिंग घासता येतं. बॉयलर मात्र अडतो: वाफ आतून बाहेर ढकलते, आणि भाजलेली माती दाब सोसते, ताण नाही.

विजेच्या तारेचं म्हणाल तर मिठाच्या पाण्यातून वीज जाते, पण तांब्याच्या सुमारे एक कोटीव्या हिश्शानं. जाळलेल्या बांबूचा तंतू बरा, एडिसनच्या दिव्यात तोच होता. पण तारायंत्राच्या चुंबकासाठी त्याची गुंडाळी करायला गेलात की मोडतो. म्हणून तारायंत्र अशक्य? तेवढं मी अजून म्हणत नाही.